काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरे

कार्तिक अर्धा सरला होता आणि मोहाटोल्याच्या शिवारात हलक्या धानाची कापणी चालली होती. नवेगावच्या तलावाकडून येणारा वारा या दिवसांत एरवी कोरडा असतो. त्या दिवशी मात्र त्याला ओलसर वास होता. फुलवंता बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, वाकून विळा चालवीत होती. तिच्या मागे कापलेल्या धानाचे कडपे ओळीने वाळत पडले होते. कडपा भिजला तर दाणा लोंबीतच मोड धरतो, हे तिकडच्या लेकरालाही सांगावे लागत नाही. म्हणून तिचे अर्धे लक्ष विळ्याकडे होते, अर्धे आभाळाकडे.

धुऱ्यावरून, बांधीच्या काठावरून, एक काळी छत्री येताना दिसली. पाऊस नव्हता, ऊन होते. भर उन्हात छत्री धरून चालणारे मोहाटोल्यात एकच माणूस होते, तिची मुलगी रुचि.

रुचि जन्मतःच शुभ्र होती. केस, भुवया, पापण्या सारे कापसाच्या वर्णाचे. बुबुळे फिकट आणि सदैव थरथरणारी. हा कुणाला लागणारा रोग नव्हे, कुणाच्या पापाचे फळ नव्हे, अंगात आणि डोळ्यांत रंग उतरलाच नाही एवढेच, असे गोंदियाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. ऊन तिला सोसणार नव्हते, लख्ख उजेडात तिला दिसणार नव्हते, आणि हे जन्मभर असेच राहणार होते. गावाने ते ऐकून घेतले आणि तिचे नाव भुरी ठेवले. ज्या घरातल्या बायका रोवणीपासून मळणीपर्यंत आकाशाखालीच जगतात, त्या घरात उन्हाचे वावडे असलेली लेक जन्मली होती. शेत तिला घेणार नव्हते. तिला घेईल तर विद्याच घेईल, हे फुलवंता मनोमन जाणून होती. आणि जे मनोमन जाणले त्याच्या मागे देवामागे लागावे तशी ती लागली होती.

"आज तं परीक्षा होती ना वं? इतक्या लवकर कशी आली?"

रुचि मोहाच्या झाडाच्या सावलीत बसली. छत्री मिटली नाही.

"झाली."

"कशी झाली?"

"नाई झाली."

फुलवंताने विळा धुऱ्यात खोचला आणि ती लेकीसमोर येऊन बसली. रुचिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. रडण्याचे की उजेडाचे, ते ओळखणे आईलाही कठीण.

"लॅपटॉप पांढरा होता, आई," रुचि म्हणाली. "पुरा पांढरा. उन्हासारखा. मले एक अक्षर दिसलं नाई."

या लॅपटॉपांची हकीकत अशी. एका परगावच्या संस्थेने शाळेला ते आषाढात दिले होते. नववीच्या मुलांची त्यांवरच परीक्षा घ्यायची आणि निवडलेल्या मुलींना गोंदियाच्या वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवायचे, असा त्या संस्थेचा संकल्प होता. शाळेत चंद्रशेखर नावाचा कंत्राटी संगणकशिक्षक होता. सौंदडहून सायकलीने येई. रुचि पडद्याला नाक टेकवून डोळे पुसत बसलेली त्याने पाहिली आणि शाळा सुटल्यावर तो तिच्याशेजारी बसला. त्याने आधी उजेड उतरवला आणि विचारले, "आता?" मग पडदा काळा केला, अक्षर पिवळे केले आणि विचारले, "आता?" अक्षर मोठे केले, बाण जाड केला, आणि प्रत्येक वेळी हात थांबवून तेच विचारले. रुचिच्या आयुष्यात डॉक्टरांनी तिला तपासले होते, गुरुजींनी समजावले होते, बायकांनी हळहळून पाहिले होते. तुला कसे दिसते, असे विचारणारा हा पहिलाच. त्या संध्याकाळी तिचे नाक आणि पडदा यांमध्ये हातभर अंतर पडले आणि तिने धडा एका दमात वाचला. घरी येऊन तिने तो आईला तोंडपाठ ऐकवला होता.

"मंग तो पिवळा अक्षर गेला कोठी?"

"काल सगळे एकसारखे केले म्हंतात. हेडमास्तरनं कराले सांगितलं." रुचिने छत्री आणखी खाली ओढली. "मी डोऱ्यावर हात धरून बसली, आई. शेवटपर्यंत. संस्थेचे पाहुने म्हने, ही मुलगी काऊन लिहून नाई राहिली? तं हेडमास्तर म्हने, तिच्या डोऱ्यातच दोष हाये, सोडा."

फुलवंताने उठून विळा घेतला आणि दिवस मावळेपर्यंत कापत राहिली. त्या दिवशी धानाची ताटे मुळापासून अशी उडत होती की शेजारच्या बांधीतली अनुसयाबाई म्हणाली, "धान कापून राहिली का कोनाची मान, वं?"

रात्रीचे जेवण झाल्यावर तिलकने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तंबाखू मळत विषय काढला. तो स्वभावाने मऊ माणूस होता. आवाज चढला की त्याचे हात थरथरत.

"उद्या स्कूलमंधी जाऊ नोको तू."

"काऊन?"

"केशोदादाची मशीन परवा आपल्या खळ्यावर येऊन राहिली. आभाळ पाह्यलं का? गावात दुसरी मशीन नाई."

केशोराव पटले हे शाळेचे मुख्याध्यापक, गावातल्या एकमेव मळणीयंत्राचे मालक आणि तिलकचे थोरले चुलतभाऊ. म्हणजे नात्याने ते फुलवंताचे भासरे. त्यांच्या घराण्यात सून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडे ठेवत नाही, त्याच्या सावलीवर पाय देत नाही. लग्न होऊन आल्यापासून फुलवंता त्यांना एक शब्दही बोलली नव्हती.

"आन तू जाऊन बोलशीन तरी कशी?" तिलक म्हणाला. "भासरा हाये तो तुया."

"तुमी जा मंग. तुमचा तं भाऊ हाये."

तिलक तंबाखू मळत राहिला. पार मळून झाली तरी मळत राहिला. त्या मळण्यातच तिला उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. चपला बाहेर काढल्या, पण टाचांना बांधीतला चिखल होता आणि कार्यालयात पाहुण्यांसाठी नवी चटई अंथरलेली होती. म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पदर नाकापर्यंत ओढलेला. मध्ये रुचिला उभे केले, कारण बोलायचे तर कुणाच्या तरी तोंडून बोलायला हवे. आत केशोराव खुर्चीत होते. कोपऱ्यात चंद्रशेखर मान खाली घालून उभा होता.

"रुचि, मोठेबाबाइले पूस, तुया कंप्युटरचा रंग कोनं बदलवला?"

केशोरावांनी वर पाहिले नाही. "रुचि, आईला सांग, तो कंप्युटर तुझा नाही, शाळेचा आहे."

"पूस, मंग पोरगी कोनाची हाये? स्कूलची नाई?"

दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला. केशोरावांनी त्याच्याकडे पाहताच तो निघून गेला.

"आईला सांग, संस्थेचे पाहुणे येणार होते. सगळे लॅपटॉप चमकताहेत आणि मधेच एक काळाकुट्ट, तव्यासारखा. ते शोभलं असतं? आणि मी भेदभाव करत नाही. मला सगळी लेकरं समान. आजपासून लॅपटॉप रोज बदलून वाटले जातील. कुणाच्या मालकीचा म्हणून एकही राहणार नाही, कुणाच्या सेटिंगला कुणी हात लावणार नाही."

"पूस, रंग कोन्या हातानं बदलवला?"

उत्तर कोपऱ्यातून आले. "मी बदलवला, ताई," चंद्रशेखर म्हणाला. "सांगितलं म्हणून बदलवला. परीक्षेच्या आधी पुन्हा करून देऊ म्हटलं, तर पाहुणे समोर होते."

फुलवंताने पदराआडून त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीने त्या तरुणाची मान आणखी खाली गेली.

"पूस रुचि, परीक्षा आखीन एकदा होईन का?"

"होईल. ज्यांची राहिली त्यांची मार्गशीर्षात पुन्हा आहे. बसू दे तिला, मी अडवणारा कोण?" केशोराव आता खुर्चीत रेलले. "पण सांग आईला, दिसत नाही तर उगाच हौस कशाला? घरात ऊन लागत नाही. रांधणं-वाढणं शिकव म्हणावं. कामास येईल."

रुचि हे वाक्य आईकडे पोहोचवण्यासाठी वळली आणि तोंड अर्धवट उघडे ठेवून तशीच थांबली. स्वतःचाच अपमान स्वतःच्या जिभेने वाहून न्यायचा होता.

फुलवंताने तोंडावरचा पदर मागे टाकला. चिखलाच्या पायांनी ती उंबरा ओलांडून नव्या चटईवर आली आणि केशोरावांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"तिले नोका सांगू. मले सांगा. माया लेकरानं पुरी परीक्षा डोऱ्यावर हात धरून काढली आन तुमी पाहून राहिले होते. पाहुन्याइले चहा द्यासाठी चारदा उठले असान. तिच्याजवर जाऊन ‘काय झालं बाई’ इतकं म्हनासाठी एकदा उठता नाई आलं? घरची पोरगी हाये तुमच्या. बारशाच्या दिवशी हिले मांडीवर घेतलं होतं तुमी. तवा भुरी नोहती का?"

केशोरावांचा चेहरा आधी फिका पडला, मग लाल झाला. आणि इतका वेळ सांभाळलेली त्यांची शाळेतली भाषा एकदम गळून पडली.

"सून भासऱ्यासंग तोंड वर करून बोलते? हेच शिकवलं का तिलकनं? पहा गा, जमाना कोठी चालला! निंग इथून. आन मशीनची वाट पाहू नोको म्हनाव त्याले."

मशीन आली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. कार्तिकातला पाऊस, ज्याला वेळ नाही आणि लाज नाही. तिलक, फुलवंता आणि सांज पडल्यावर रुचिसुद्धा, तिघे गुडघाभर चिखलातून भारे डोक्यावर वाहत राहिले. भाऱ्यातून गळणारे पाणी मानेवरून पाठीत उतरत होते. वरच्या बांधीतला धान घरी आला. खालच्या दोन बांध्यांतला तिथेच राहिला, आणि उघडीप पडली तेव्हा त्याला बोटाच्या पेराएवढे हिरवे मोड होते.

"माया भाऊ होता गा तो," तिलक ओल्या लोंब्या हातात घेऊन म्हणाला. मग बायकोकडे वळून कधी नव्हे तो ओरडला. "काय भेटलं तुले? तोंड उघडून काय भेटलं?"

"बोलली नसती तं काय भेटलं असतं?" फुलवंताही ओरडली. "मशीन! मशीन भेटली असती! पोरीले जन्मभर कोठीत ठेवली असती आन कोठीच्या दारात बसून मशीनचा भात खाल्ला असता!"

तिलकने बैल सोडले. जे वाचले होते ते खळ्यावर पसरले आणि मळणी बैलांच्या पायांखाली सुरू झाली, जशी त्याच्या आजोबांच्या काळी होत असे. बैल गोल फिरत होते, फुलवंता पेंढा उलथत होती. अंगाला कुसळे टोचत होती, श्वासात धूळ जात होती.

अशा एका सकाळी खळ्याशी सायकल थांबली. चंद्रशेखर होता. कॅरिअरला जुन्या पोत्यात काहीतरी बांधलेले.

फुलवंताने त्याला बस म्हटले नाही. दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय न राहणारी ती बाई; तिने पाणीही विचारले नाही.

"माझं कंत्राट संपवलं, ताई," तो म्हणाला. "मुलीला डोक्यावर चढवली म्हणून."

"तरी त्याइचंच ऐकलं ना तुमी."

"ऐकलं." त्याने सायकल स्टँडवर लावली. "चूक तिथे नाही झाली फक्त. आधीच झाली. सगळं मी करून दिलं. हिच्या हातात दिलंच नाही."

त्याने पोते सोडले. आत एक मोडका कळफलक होता, वायर तुटलेला, अक्षरे झिजलेली. तो त्याने मोहाच्या सावलीत रुचिच्या मांडीवर ठेवला.

"डोळे मीट. डावा हात. सगळ्यात खालची ओळ, लांब पट्टीच्या डावीकडे आल्ट. त्याच्या वरच्या ओळीत, अगदी काठाला शिफ्ट. दोन्ही दाबून धर. आता उजव्या हातानं वरची ओळ, उजवीकडे प्रिंट स्क्रीनचं बटण. विचारलं ‘करू का’, तर एंटर. पडदा काळा होईल. पुन्हा कर."

"झालं?"

"पुन्हा कर. बोटाला पाठ झालं पाहिजे. उजेडात तुला बटण दिसणार नाही, तेव्हा हात चुकता कामा नये."

अक्षर मोठे कसे करायचे, उजेड कसा उतरवायचा, बाण कसा जाड करायचा, सारे त्याने तोंडाने सांगितले. कळफलकाला स्वतः बोट लावले नाही. बैल फिरत राहिले. रुचिची पांढरी बोटे झिजलेल्या बटणांवर चालत राहिली, चुकली, पुन्हा चालली. ऊन माथ्यावर आले तेव्हा फुलवंताने घरातून तांब्या आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. पाणी पिऊन तो गेला. पुढे तो नागपूरकडे कुठेतरी कामाला लागला असे ऐकिवात आले.

कळफलक घरीच राहिला. चुलीपाशी बसून, भात शिजेपर्यंत, रुचि डोळे मिटून तो दाबत असे. तिलक कधी कधी दारातून ते पाहत उभा राही आणि तसाच बाहेर जाई.

शाळेत लॅपटॉप रोज बदलून वाटले जात होते. कपाटातून जो हाती येईल तो. रुचिसमोर जो येई तो पांढरा, झगझगीत असे. ती डोळे मिटून डावा हात खाली नेई आणि काही क्षणांत पडदा काळा होई. तास संपला की सारी मुले लॅपटॉप बंद करून ठेवीत. तीही ठेवी. पूर्ववत मात्र करीत नसे.

दुसऱ्या दिवशी तो काळा लॅपटॉप दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला जाई. मुले आधी बिचकली, मग हसली, मग वाचू लागली. अक्षर चांगले बोटभर मोठे होते, न दिसायला काय झाले? भूमेश्वरी नावाची तिची मैत्रीण तर म्हणाली, "माया डोकंच दुखत नाई आता." आज एक, उद्या दुसरा, असे कपाटातले लॅपटॉप एकेक करून काळे पडत गेले. केशोरावांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, "व्हायरस शिरला असेल. कुणी हात लावू नका." आणि तोच हुकूम त्यांनी फळ्यावर लिहवून घेतला. ज्याला हे उलटे फिरवता आले असते, त्या एकट्या माणसाला त्यांनी घालवून दिले होते. नवेगावचा मोबाइल दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला.

मार्गशीर्षातल्या परीक्षेच्या सकाळी तिलकने सायकल काढली. पुढे दांडीवर रुचि, तिच्या हातात छत्री. फुलवंता मागून चालत निघाली. कुणी त्याला सांगितले नव्हते. वाटेत तो एवढेच म्हणाला, "छत्री नीट धर, बेटा. ऊन तिरपं येऊन राहिलं."

शाळेच्या ओसरीवर धावपळ चालली होती. पाहुण्यांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन येऊन गेला होता. वर्गात सारे लॅपटॉप उघडून मांडलेले, आणि त्यांत एकही पांढरा नव्हता. काळ्या पडद्यांवर पिवळी अक्षरे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. केशोराव दारात उभे होते. थंडीच्या दिवसांतही त्यांच्या कपाळावर घाम होता. रुचि छत्री मिटून आत जाऊ लागली आणि हवेतच बटणे दाबत असलेल्या तिच्या बोटांकडे त्यांचे लक्ष गेले. मग तिच्या चेहऱ्याकडे.

"हे तू केलंस?"

"हो, सर."

"सगळे?"

"जो समोर आला तो. रोज बदलून देत होते ना तुमी."

"पांढरे कर. आत्ताच्या आत्ता. पाहुणे आले बघ." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुझा राहू दे हवा तर. तुझा एक काळा राहू दे. बाकीचे कर."

हेच एक वाक्य कार्तिकात म्हटले असते तर दोन बांध्यांतला धान सडला नसता. ओसरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या फुलवंताच्या मनात हे आले.

रुचिचे डोळे थरथरत होते, आवाज मात्र थरथरला नाही. "काऊन, सर? सगळे एकसारखेच तं हाएत."

"बाकीच्या पोरांनी वाचायचं कसं?"

"वाचूनच राहिले ना ते, इतके दिवस. माया पडदा त्याइले वाचता येते, सर. त्याइचा मले नाई येत."

ती त्यांच्या बाजूने आत गेली आणि पहिल्या रिकाम्या जागेवर बसली. कुठला लॅपटॉप होता ते तिने पाहिलेही नाही.

फाटकाशी गाडी थांबली. केशोराव गर्रकन ओसरीकडे वळले. पायरीवर फुलवंता होती. त्यांचा पूर्वीचा सारा थाट गेला होता.

"फुलवंता, सांग वं तुया पोरीले. ऐकते ते तुयं. इज्जतीचा सवाल हाये. बोल तिले."

फुलवंताने डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, अगदी रीतीप्रमाणे, नाकापर्यंत खाली ओढला. मग भासऱ्याकडे पाठ करून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"ऐकलं का वो," ती सायकल धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "भासऱ्याइले सांगा, सून भासऱ्यासंग बोलत नसते."

तिलकने भावाकडे पाहिले. त्याचे हात थरथरत नव्हते.

"नाई बोलत, दादा," तो म्हणाला.

पाहुणे पायऱ्या चढत होते. वर्गात घंटा झाली आणि बटणांचा आवाज सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या फुलवंताला त्यांतला आपल्या लेकीचा आवाज वेगळा ओळखता येईना. तिच्या पदराला अजून भिजलेल्या धानाचा आंबूस वास येत होता. ती तो वास घेत, शेवटची घंटा होईपर्यंत, तशीच उभी राहिली.